सातवीच्या वर्गात कविता लिहून घेण्यासाठी कोणते सराव द्यावेत?

खडूफळा : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. पावसावर कविता लिहा असे सांगितले की आला, झाला, पळाला अशी यमके जुळवून प्रत्येक वहीत जवळजवळ एकच कविता उतरते. गेल्या आठवड्यात ज्या मुलाच्या घरात पाणी शिरले होते, त्यानेही पाऊस आल्याने आनंद झाला असेच लिहिले, तेव्हा मात्र मी अस्वस्थ झाले. ३५ मिनिटांच्या तासिकेत घेता येतील असे सराव कुणी सुचवू शकेल का?

ओसरी : मोठ्या अभंगाचा साचा देऊन पाहा. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक फक्त दुसऱ्या व तिसऱ्या चरणात. लघु-गुरूची भानगड नसल्यामुळे मुले बोटांवर अक्षरे मोजत लिहितात, आणि लक्ष मोजण्यात गुंतल्यामुळे 'कवितेसारखे' काहीतरी लिहिण्याचे दडपण त्यांच्या मनावर राहत नाही. विषय मात्र पाऊस किंवा आई असा देऊ नका. दप्तरात आत्ता काय आहे ते लिहायला सांगा. माझ्या वर्गात एका मुलीने लिहिले होते :

दप्तरात डबा
डब्यात चपाती
तिच्यावर माती
कशी आली

चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे आपोआप थांबावे लागते, आणि मुलांना नेमके तिथेच काहीतरी सुचते, असा माझा अनुभव आहे.

पाटीपेन्सिल : साचा उपयोगी आहे, पण तो दुसऱ्या टप्प्यावर आणावा असे मला वाटते, कारण ज्या मुलाला सांगण्यासारखे काही सापडलेलेच नाही ते सहा अक्षरांतही आनंदीआनंदच भरणार. मी आधी कोडे घालायला लावतो. प्रत्येकाने घरातील एक वस्तू मनात धरायची आणि तिचे नाव न घेता चार ओळींत तिचे वर्णन असे करायचे, की वर्गाला ती ओळखता यावी. सुंदर, छान, मस्त आणि आनंद या शब्दांना त्या दिवशी बंदी असते. घरी बोलतात तेच शब्द वापरायला परवानगी द्या, मग ते अहिराणी असोत वा मालवणी. प्रमाण भाषेचा आग्रह त्या तासाला बाजूला ठेवलेला बरा.

जात्यावरच्या ओव्याही जरूर ऐकवा. समाज-अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी अनेक 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे ग्रामीण भारताविषयीचा ऑनलाइन संग्रह) संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणासह उपलब्ध आहेत. त्यांत बाई कुणाशी तरी बोलत असते. कधी भावाशी, कधी लेकीशी, तर कधी विठ्ठलाशी. म्हणून पुढचा सराव असा द्या, की कविता कुणावर तरी लिहायची नाही, कुणाशी तरी बोलत लिहायची. पाऊस घरात शिरलेला तो मुलगा पावसाला काय म्हणेल, हे मला खरोखर वाचायला आवडेल.

ओसरी : कोड्याचा क्रम आधी, हे मान्य. एक मात्र सांगते : वहीत लाल शाईने शुद्धलेखन तपासू नका आणि गुण तर मुळीच देऊ नका. कविता मोठ्याने वाचून घ्यावी आणि ऐकणाऱ्याने फक्त कोणता शब्द लक्षात राहिला तेवढेच सांगावे.

खडूफळा : दोघांचेही आभार. काल कोडी घेतली. एकाने झाडूचे वर्णन 'रोज वाकते पण नमस्कार करत नाही' असे केले आणि वर्गाला ते ओळखायला बराच वेळ लागला. उद्या पावसाशी बोलायला सांगणार आहे. अभंगाकडे वळण्याआधी एक शंका : 'दप्तरात' या शब्दाची अक्षरे चार धरायची की पाच?

ओसरी : चार. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचे.