मदत हवी आहे: जुनी झेड-४ घेतोय, ५९ लाख जास्त होतात का?

कोलशेतकर
मंडळी, घाईत आहे, रविवारी टोकन द्यायचंय. बीएमडब्ल्यू झेड-४ एम४०आय, लाल, एकदम कमी चाललेली. मालक ५९ म्हणतो. "रस्त्यावर आणली तेव्हा कोटीच्या घरात गेली होती" हे त्याने तीनदा ऐकवलं. मी ५५ म्हणालो तर फोनच ठेवला. घ्यावी का? हो किंवा नाही एवढंच सांगा. दोन सीटची गाडी कशाला, हे प्रवचन घरी चालू आहे, इथे नको.

नेरुळनोड
साल? किमी? कितवा मालक? पासिंग कुठलं? गाडी ठेवणार कुठे?

कोलशेतकर
२०२१. तेरा हजार. बाकी सगळं ओके आहे. किंमत बोला.

आंबटचुका
हो-नाहीच हवं असेल तर नाणं उडवा, टोकनपेक्षा स्वस्त पडेल.

जुना_गॅरेजवाला
तेरा हजार ऐकून हुरळू नका. एवढ्या वर्षांत तेरा हजार म्हणजे गाडी चालण्यापेक्षा उभी जास्त होती, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १८२१ असेल तर २०२१ च्या अठराव्या आठवड्यातला टायर. नक्षी खोल दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे आहेत, १९ इंची, आधी चारांचा भाव विचारून या.

छत कापडी आहे. पाच वेळा उघड-बंद करायला लावा. ५० च्या आतल्या वेगात चालत्या गाडीतही उघडतं, तेही बघा. मग सीटमागच्या कार्पेटला हात लावा. ओल लागली तर घरी या.

आणि जाताना फोन करून जाऊ नका. मालक इंजिन गरम करून ठेवतो. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं ते स्वतःच्या कानाने ऐका. चासी नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढा. त्यात किमी उलटे गेलेले दिसले तर पुढचं काही बघू नका.

पामबीचचा_पहारेकरी
कृपया घेतलीत तर रात्री पाम बीच रोडवर उडवू नका. आमची झोप जाते.

हिशोबनीस_काकू
मालकाचं जुनं बिल बाजूला ठेवा हो. त्याने भरलेला रोड टॅक्स आणि विमा म्हणजे त्याने मजा केली त्याचे पैसे, ते तुम्ही का फेडायचे? शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरळ ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ आणि वर सेस धरून पन्नाशीच्या आसपास जायचं. नवीन स्वस्त झालं की जुन्याचा भाव आपोआप खाली येतो, हे विकणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं.

दुसरं, २०२३ ला फेसलिफ्ट आली, ८९.३० लाख एक्स-शोरूम. तुमची त्याआधीची. इंजिन तेच, ३४० हॉर्सपॉवरचं, तरी बाजार "जुना चेहरा" म्हणून कापतोच. मी ५० च्या वर बोलणार नाही.

सरळमार्गी
इतका काथ्याकूट कशाला? पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, बघा, तीच खरी किंमत.

हिशोबनीस_काकू
अजिबात नाही. आयडीव्ही ठरलेल्या तक्त्याने उतरते, चार ते पाच वर्षांना ५० टक्के घसारा. पाच वर्षांनंतर तर विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. रक्कम फुगवून जास्त हप्ता भरणारे मी पाहिलेत. आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, ती मालकाची. तेही तो किमतीत मोजत असेल!

सरळमार्गी
मी चार गाड्या आयडीव्हीवरच विकल्यात.

आंबटचुका
घेणाऱ्यांचे नंबर द्या, मलाही एक विकायचीय.

वडवलीचा_वाघ
एवढ्या पैशात चांगली एसयूव्ही येते. घोडबंदरच्या खड्ड्यांत ही गाडी पोट घासत जाणार. शिवाय आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

कोलशेतकर
प्रवचन नको म्हटलं होतं. बाय द वे पासिंग पीवाय आहे, त्याने फरक पडतो का?

नेरुळनोड
आत्ता सांगताय?! पुद्दुचेरीचं पासिंग म्हणजे तिकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग लुईसवाडीला ठाणे आरटीओत नवीन नोंदणी, आणि महाराष्ट्राचा टॅक्स, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होऊन. तरी कळवळायला लावेल एवढा. बारा महिन्यांवर गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर नोंदणी बदलायलाच लागते. हा मालक इतकी वर्षं ठाण्यात पीवायवर फिरतोय? आरसीवर नाव कोणाचं?

कोलशेतकर
एका प्रायव्हेट लिमिटेडचं. पण डायरेक्टर तोच आहे, काही प्रॉब्लेम नाही म्हणाला.

हिशोबनीस_काकू
आता माझे ५० पण परत घेते. कंपनी विकणार म्हणजे बोर्डाचा ठराव हवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. कंपनीने घसारा लावला असेल तर पुस्तकी किमतीच्या वर जे मिळेल त्यावर तिला १८ टक्के जीएसटी. तो तुमच्या गळ्यात मारू देऊ नका.

सरळमार्गी
जुन्या गाडीवर जीएसटी नसतो.

हिशोबनीस_काकू
तुम्ही मला विकलीत तर नसतो. कंपनीने विकली तर असू शकतो.

जुना_गॅरेजवाला
कागद राहू दे, टायर बघितले का?

कोलशेतकर
बघितले. मागचे ०९२१. पुढचे कुठलेतरी दुसरेच, नवीन. छत तिसऱ्यांदा अडकलं, मग "कधीकधी होतं" म्हणाला. पासिंगचं काढल्यावर स्वतःहून ५२ वर आला, एनओसी तो आणून देणार. मी ४६ म्हणालोय, टॅक्स माझा. छताचं आणि पुढच्या टायरांचं बिल दाखवल्याशिवाय टोकन नाही. या वेळी फोन ठेवला नाही. विचार करून सांगतो म्हणाला.

नेरुळनोड
पुढचेच का बदलले ते विचारा. आणि माझा शेवटचा प्रश्न तसाच राहिलाय. ठेवणार कुठे?

कोलशेतकर
सोसायटीत. स्टॅक पार्किंग आहे, एकावर एक गाड्या ठेवायचं, माझी वरची पाटी.

जुना_गॅरेजवाला
टेप घेऊन खाली जा. पाटीच्या चढाला पुढचा बंपर घासतो का, ते रविवारच्या आत मोजा.