नव्या पबला वाड्याचा लूक द्यायचाय, कुठून सुरुवात करू?

पुणेरी_इंटिरियर: बाणेरला नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर पबचं काम घेतलंय, क्लायंटला विश्रामबाग वाड्यासारखा लूक हवाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आरसीसी कॉलमला फायबरचे सुरूचे (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब चिकटवू, वर एमडीएफच्या म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीच्या, मशीनने कापलेल्या महिरपी, तीन आठवड्यात मोकळे. रेंडर बघितला तर लग्नाचा सेट वाटतोय. त्यात दारावर 'स्थापना १८०७' लिहायचंय म्हणे. कोणी असं काम केलंय का?

कडीपाट: ताई, खांबापासून सुरू करा. वाड्याच्या लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो, ओल लाकडात चढू नये म्हणून, मग खांब, त्यावर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं आणि वर पाट म्हणजे फळ्या, ओझं कुठून कुठे उतरतंय ते दिसतं आणि नावं माहीत नसली तरी माणसाला ते बरोबर कळतं. मी एका हॉटेलात खांब थेट टाइल्सवर उभे केले होते, रोजच्या ओल्या पोच्याने दोन महिन्यांत खालची कड फुगली नि लॅमिनेट सुटलं, अजून वाईट वाटतं. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं, चारच खांब घ्या पण खरे घ्या, बाकीच्या कॉलमना साधा चुन्याचा गिलावा पुरे.

लंडनकर_सातारी: इथे हाय हॉलबर्नला सिटी ऑफ यॉर्क म्हणून पब आहे, आत शिरलं की उंच लाकडी छताचा मध्ययुगीन हॉल वाटतो, पण इमारत १९२०च्या दशकातली. रीजंट स्ट्रीटजवळचं लिबर्टी दुकान ट्यूडर काळातलं दिसतं, तेही १९२४चं, पण त्याला लाकूड वापरलंय दोन जुन्या युद्धनौकांचं, इम्प्रेग्नेबल आणि हिंदुस्तान. दोन्ही आज तिथल्या हेरिटेज यादीत आहेत. नवं असणं आड येत नाही, पोकळ असणं येतं.

सदाशिव_पेठ: १८०७ अजिबात नको! ते वर्ष दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्याचं, तुमच्या पबचं नाही, उघडाल ते साल लिहा. आणि दारावर गणेशपट्टी हौसेने लावू नका, खाली दारू विकायची आणि वर गणपती, लोकांना लागेल आणि बरोबरच आहे ते. चौक मात्र करा, मधे मोकळी जागा नि भोवती ओसरीसारखी बसायची सोय, वाडा वाटतो तो त्या चौकामुळे. लाकूड वाढवताय तर फायरवाल्यांशी आधी बोलून घ्या.

पुणेरी_इंटिरियर: खूप आभार सगळ्यांचे. फायबर कॅन्सल. उद्या जुन्या सागाचा एक तुकडा नेऊन क्लायंटच्या हातातच देते, वजन कळलं की बाकीचं बोलणं सोपं जाईल.