मदत हवी आहे: 'सागा'चा जाडा एकत्रित खंड उन्हाळ्यात टिकतो का?

मंडळी, लेखक ब्रायन के. व्हॉन आणि चित्रकार फिओना स्टेपल्स यांची 'सागा' ही कॉमिक मालिका कोणी कागदावर वाचतं का? पंखवाल्यांचा लँडफॉल ग्रह, शिंगवाल्यांचा त्याचाच चंद्र रीथ, दोन्हीकडून पळालेलं जोडपं आणि चक्क झाडाचं रॉकेट! माझ्याकडे पहिले तीन सुटे भाग आहेत, म्हणजे अंक 1 ते 18. चौथा कुठेच मिळेना. जळगावची दुकानं पालथी घातली, ऑनलाइनही 'स्टॉक नाही'.

1 ते 54 अंकांचा एकत्रित पेपरबॅक मात्र मिळतोय. पानं तेराशेच्या वर. पाठ शिवलेली की नुसती गोंदाची, हे विक्रेत्याला सांगता येत नाही. भुसावळचा मे तुम्हाला ठाऊक आहेच, पारा 45 ला टेकतो; पत्र्याखालच्या खोलीत एका जाड्या पुस्तकाची पानं पत्त्यांसारखी सुटली आहेत. (कपाट हलवायला दुसरी खोली नाही.) पीडीएफ सुचवू नका, स्टेपल्सची पानभर चित्रं मोबाईलवर बघण्यात मजा नाही. 19 ते 36 चा हार्डकव्हर दिसला, पण खिशाला जड.

हा एकत्रित खंड कोणी खान्देशात दोन-तीन उन्हाळे सांभाळलाय का? पाठ शाबूत आहे, की पैसे साठवून हार्डकव्हरच घेऊ?