शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशामक गोळ्या कमी करताना : आपले अनुभव लिहा

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल यांसारख्या ओपिऑइड (म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या) वर्गातील गोळ्या देतात आणि सुरुवातीच्या दिवसांत त्यांची खरोखर गरज असते. त्या थांबवायच्या कशा, हे मात्र डिस्चार्ज कार्डावर बहुधा लिहिलेले नसते. काही आठवडे सलग घेतल्यावर शरीराला त्यांची सवय होते. ही सवय म्हणजे व्यसन नव्हे, तरीही गोळी एकाएकी तोडली की त्रास होतो आणि घरचे घाबरतात. ज्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हा टप्पा पार केला, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. दुसऱ्याच्या मात्रेचे आकडे मात्र कुणी स्वतःला लावू नयेत.

सुरुवात मी आईपासून करते. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या होत्या. ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा चालू होते. गोळ्या संपल्या, टाकेही निघाले होते, म्हणून आम्ही नवीन आणल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिचे नाक गळू लागले, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, जुलाब आणि रात्रभर पायांची तळमळ. आम्हाला तो फ्लू वाटला. भूलतज्ज्ञांनी फोनवर ऐकताच पहिला प्रश्न विचारला, ‘गोळी कधी बंद केली?’ त्यांनी ती पुन्हा सुरू करून आधी दुपारची, मग सकाळची आणि शेवटी रात्रीची अशा क्रमाने कमी केली, प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबून. व्यायामाच्या वेळी ठणका वाढतो म्हणून फिजिओथेरपीच्या आधी पॅरासिटामॉल आणि नंतर बर्फाचा शेक ठरवून दिला. आईच्या मनावर ‘आपल्याला नाद लागला’ हे जे दडपण आले होते, ते त्यांच्या एका शांत बोलण्याने उतरले, आणि माझ्या मते निम्मे काम तिथेच झाले.

— मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर, कोल्हापूर
माझी बाब थोडी गुंतागुंतीची होती, कारण मी आधीपासून नैराश्यासाठी गोळी घेत होतो. ट्रॅमाडॉल मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावरही काम करते, त्यामुळे काही नैराश्यविरोधी औषधांबरोबर ते घेतल्यास अस्वस्थता, थरथर, ताप, क्वचित झटकेही येऊ शकतात, हे मला माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी समजावले. शल्यचिकित्सक आणि ते एकमेकांशी बोलले आणि त्यानंतरच मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक ठरले. मला दिलेली गोळी हळूहळू विरघळणारी होती; ती अर्धी करू नका, चुरू नका, कारण सगळे औषध एकदम अंगात उतरते, असे त्यांनी बजावले. म्हणून कमी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. मध्ये एका पायरीवर झोप पूर्ण उडाली, तेव्हा मात्रा परत वाढवली नाही, पण पुढची पायरीही लांबवली. वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजवर लावले होते आणि गोळ्यांची पाकिटे पत्नीने स्वतःकडे ठेवली होती. ती सकाळी विचारायची, ‘अहो, रात्री किती वाजता जाग आली?’ आणि उत्तर त्याच कागदावर लिहायची. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सर्वांत आधी तोच कागद वाचला.

— सिझेरियननंतर, नागपूर
मला ही औषधे जेमतेम काही दिवस घ्यावी लागली. डॉक्टरांनी सांगितले की एवढ्या थोड्या काळासाठी टप्प्याटप्प्याने उतरवण्याची गरज बहुधा नसते, आणि मला काहीही त्रास झाला नाही. बद्धकोष्ठता मात्र झाली. तिच्यासाठी पहिल्या दिवसापासून औषध मागून घ्यावे.

— औषधविक्रेता, सातारा
दुकानात चिठ्ठीविना ट्रॅमाडॉल मागणारे येतात आणि नकार दिल्यावर रागावतात. हे औषध एच-१ अनुसूचीत, म्हणजे फक्त चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, म्हणून त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले आहे. नातेवाइकांना माझी एकच सूचना : शेवटची स्ट्रिप संपण्याआधीच डॉक्टरांना भेटा. ट्रॅमाडॉलच्या संयुक्त गोळीत पॅरासिटामॉल आधीच असते, तेव्हा वेगळे पॅरासिटामॉल घेण्याआधी एकूण मात्रा मोजून घ्या.

— खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर, न्यू जर्सी
इथे ऑक्सिकोडोन हे ओपिऑइड दिले होते. कमी करताना डॉक्टरांनी सर्वांत जोर दिला तो एका गोष्टीवर : गोळी थांबल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, त्यामुळे पुढे कधी वेदना झाल्या तरी जुनी मात्रा परत घ्यायची नाही, त्याने श्वास मंदावू शकतो. याच कारणाने दारू आणि झोपेच्या गोळ्याही वर्ज्य. ओपिऑइड जास्त झाल्यास त्याचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून इथे चिठ्ठीविना मिळतो. तो घरात ठेवला आणि कसा वापरायचा हे सासूबाईंनाही दाखवले. उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानातील परतीच्या पेटीत टाकल्या.

— कंबरेच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर, ठाणे
माझी आता रात्रीची एकच गोळी उरली आहे. पुढील आठवड्यात डॉक्टरांची भेट आहे. ही शेवटची गोळी सुटताना झोपेसाठी आपापल्या डॉक्टरांनी काय सुचवले, ते कुणी लिहिले तर त्या भेटीत नेमके प्रश्न विचारता येतील.