ट्रम्पेटवाल्याचं नाव लिहिलं असतं तर कुणाचं काय जाणार होतं?

तिसरी घंटा

परवा जुन्या हिंदी गाण्यांच्या चर्चेत एका सदस्याने लिहिलं, "वादकांची नावं, वादकांची नावं म्हणून काय गळे काढता? शिफ्टचे पैसे मिळाले, विषय संपला. उद्या स्टुडिओतल्या चहावाल्याचंही नाव पडद्यावर मागाल." त्यावर बऱ्याच जणांनी टाळ्या पिटल्या. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

चहावाला बदलला तरी गाणं तेच राहतं. ट्रम्पेटवाला बदलला तर? त्या वाद्याला व्हॉल्व्ह असतात तीन. बाकी सगळे सूर ओठांच्या ताणावर आणि दमावर काढायचे. कागद तोच, सूर तेच, पण एकाचा आवाज पात्यासारखा येतो तर दुसऱ्याचा भरीव. कॅबरेच्या गाण्यात भोंग्याला म्यूट, म्हणजे बूच, लावून तो जो 'वाँव' काढतात ना, तो नोटेशनमध्ये कुठे लिहिणार? तो वाजवणाऱ्याचाच.

त्यात एकाच ट्रॅकवर ध्वनिमुद्रण व्हायचे दिवस. सगळे एका हॉलमध्ये, ब्रासवाले, म्हणजे पितळी वाद्यंवाले, पार मागे, कारण पुढे घेतले तर व्हायोलिनं बुडणार. यांचा तुकडा शेवटच्या अंतऱ्याच्या आधी. तोवर गप्प बसायचं, नळीत साचलेलं पाणी आवाज न करता काढायचं, ओठ गार पडू द्यायचे नाहीत. आणि एवढं करून पहिलाच सूर फाटला, की गायिकेसकट सगळा हॉल पुन्हा पहिल्यापासून.

गोव्यातल्या आल्डोन्याचा ट्रम्पेटवाला आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 'अलबेला'त (१९५१) तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. चक्क दिसतो! आता कुठल्याही अॅपवर त्या चित्रपटाची गाणी काढा आणि त्याचं नाव सापडतं का बघा. चहावाल्याशी तुलना करणाऱ्याने हे एवढं करावं आणि मग बोलावं.

गल्लीबोळ

ते वाक्य माझं. नाव न घेता दुसऱ्याचं वापरायची पद्धत आवडली, विषयाला धरून आहे.

आता मुद्दा. एका चित्रपटात सात-आठ गाणी, प्रत्येक गाण्यात पन्नास-साठ माणसं. श्रेयनामावली वाचायची की पिक्चर बघायचा? सेट उभारणाऱ्या सुताराचं नाव नसतं, लाइटवाल्याचं नसतं. त्यांच्या ओठांना ताण नसतो म्हणून ते कमी का?

आणि हॉलिवूडचे दाखले कुणी देणार असेल तर आधीच सांगतो. 'चायनाटाउन'मधला (१९७४) तो गाजलेला ट्रम्पेट यूएन रेसीचा. सर्वसामान्य प्रेक्षकाला नाव माहीत आहे ते संगीतकार जेरी गोल्डस्मिथचं. तिथल्या वादकांनी नावासाठी गळे काढले नाहीत. चित्रपट पुढे टीव्हीवर वगैरे गेला की त्या कमाईतला वाटा वादकांना मिळावा म्हणून १९७२ पासून त्यांचा वेगळा फंड आहे. पैसा मागितला, मिळवला. आपल्याकडे मात्र नाव, नाव आणि नाव. नावाने पोट भरत नाही.

कोर्टकचेरी

गल्लीबोळ, नाव आणि पैसा वेगळे आहेत असं समजून तुम्ही बोलताय. कायद्यात ते एकमेकांत अडकलेत.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात 'परफॉर्मर'चा हक्क आला १९९४ साली. २०१२ च्या दुरुस्तीने तो वाढवला, व्यावसायिक वापरावर रॉयल्टी आली, आपलं नाव सांगितलं जावं हा हक्क आला. इथवर छान. पण त्याच दुरुस्तीत 'परफॉर्मर'च्या व्याख्येला एक शेपूट जोडलं. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच दिलं जात नाही, तो परफॉर्मर धरला जाणार नाही. अपवाद एकच, त्याच्या कामाची मोडतोड झाली तर त्याला हरकत घेता येते.

दोन्ही अटी एकदम लागाव्या लागतात, मान्य. आठ मात्रांचा सोलो किरकोळ कसा, असं कोर्टात भांडता येईल. पण भांडणार कोण आणि कुणाच्या पैशाने? आधी नाव द्यायचं नाही. मग म्हणायचं नाव द्यायचा रिवाजच नाही. मग रिवाज नाही म्हणून हक्कालाही कात्री. आता सांगा, नावाने पोट भरतं की नाही?

मांडवी

तुम्ही सगळे ट्रम्पेटवर अडून बसलात. मूळ दुखणं त्याच्या आधीचं आहे. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना लहानपणापासून सोल्फा, म्हणजे तिकडची सरगम, शिकवत. म्हणून ही माणसं मुंबईत आली तेव्हा कागद समोर ठेवला की वाजवायची. संगीतकारांतल्या किती जणांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहिता येत होतं? पेटीवर चाल गुणगुणली की त्यांचं काम झालं. इंट्रो, इंटरल्यूड, कुठे ब्रास, कुठे तंतुवाद्यं, हे सगळं बसवणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. यातला फ्रँक फर्नांड मुळातला ट्रम्पेटवाला बरं का. पुढे १९६३ मध्ये 'आमचें नशीब' हा कोंकणी चित्रपट त्याने काढला. लोक ऐकतात, डोलतात ते गाणं यांनी बांधलेलं, आणि मोठ्या अक्षरात नाव पेटीवाल्याचं.

चितळकरप्रेमी

मांडवी, जरा जपून. 'पेटीवाला' कुणाला म्हणताय? आमचे अण्णा, सी. रामचंद्र, पुणतांब्याहून आलेला माणूस. विनायकबुवा पटवर्धनांकडे रीतसर शिकलेला. 'अनारकली'तलं (१९५३) 'ये जिंदगी उसी की है' घ्या. सगळा ऑर्केस्ट्रा काढून टाका, नुसत्या पेटीवर म्हणा, तरी घशाशी येतं. आता तुमचे सगळे ब्रासवाले घ्या आणि चाल काढून टाका. काय उरलं? हॉटेलातली संध्याकाळ.

वादकांना श्रेय द्या, कुणी नको म्हटलंय? पण ते मराठी माणसाच्या खिशातून काढून का देताय?

मांडवी

मराठी-गोंयकार मी कुठे म्हटलं? तुम्हीच आणलंत. आणि आणलंतच आहे तर 'समाधी'तल्या (१९५०) 'गोरे गोरे'ची चाल कुठून आली तेही सांगून टाका. 'चिको चिको' नावाचं गाणं त्याच्या काही वर्षं आधीचं आहे. तिकडच्या रेकॉर्डी वाजवून वाजवून पाठ असलेली माणसं हॉलमध्ये कोण होती, ते वेगळं सांगायला नको.

चितळकरप्रेमी

आलात ना मूळ पदावर! एक गाणं धरायचं आणि सगळा माणूस चोर ठरवायचा. अण्णांनी चिक चॉकलेटला सहायक म्हणून जवळ केलं, आपल्याच 'अलबेला'त बँडसकट कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तेव्हा बाकी किती संगीतकार आपल्या वादकांना पडद्यावर दाखवत होते? श्रेय न देणारा माणूस असं करतो का? एकदा स्वतः चाल बांधून बघा, 'पेटीवर गुणगुणणं' म्हणजे काय ते कळेल.

मांडवी

जवळ केलं म्हणे! उपकार केले का त्याच्यावर?

तिसरी घंटा

अहो, विषय ट्रम्पेटवाल्याच्या नावाचा आहे. चाल मोठी की बांधणी मोठी हा वाद जन्मभर चालेल.

खर्जातला सा

चालू दे की. 'नागिन'ची (१९५४) बीन घ्या. संगीत हेमंतकुमारांचं. सगळ्या देशाला वाटलं गारुडी आणून बसवलाय, आणि प्रत्यक्षात क्लॅव्हियोलिन या विजेवरच्या पट्ट्यांच्या वाद्यावर कल्याणजी आणि पेटीवर रवी. यांची नावं आज माहीत आहेत ती का? तर दोघे पुढे स्वतः संगीतकार झाले म्हणून. नसते झाले तर ती बीन आजही गारुड्याचीच असती. वादकाला नाव हवं असेल तर त्याने वाजवणं सोडावं, असा आपल्याकडचा हिशोब.

बाकी हल्लीच्या स्पर्धांच्या कार्यक्रमांबद्दल न बोललेलं बरं. मागे जिवंत वादक बसवायचे, त्यांच्यावर दिवे सोडायचे, आणि निवेदकाने तीन तासांत एकाचंही नाव घ्यायचं नाही. परीक्षकांच्या कपड्यांवर मात्र दहा मिनिटं. डोकं फिरतं.

रात्रपाळी

माझे मामा ट्रम्पेट वाजवायचे. लग्नसराईत बँडमध्ये, एरवी वादकांना बोलावणाऱ्या मेसेंजरचा निरोप आला की रेकॉर्डिंगला. निरोप यायचा तोही कुणी मुख्य माणूस आजारी पडला तर. त्यांची वही माझ्याकडे आहे. तारीख, हॉलचं नाव, शिफ्ट, रक्कम, रक्कम मिळाल्याची खूण. गाण्याचं नाव एकाही पानावर नाही, कारण ते त्यांना सांगितलेलंच नसायचं. कधी बॅनरचं नाव, कधी नुसतं 'नाचाचं गाणं'.

मग त्यांना आपलं गाणं ओळखू कसं यायचं? एक गाणं रेडिओवर लागलं की ते बोट वर करायचे आणि म्हणायचे, "आता बघ, इथे मी उशिरा शिरलोय." आणि खरंच, दुसऱ्या अंतऱ्याआधी एक ट्रम्पेट पाव मात्रा मागून येतो. गायकाचा टेक उत्तम झाला होता म्हणून तो तसाच ठेवला. गाण्याचं नाव मी सांगणार नाही, कारण पुरावा तेवढाच आहे.

गल्लीबोळ

भावना पोचल्या. पण प्रत्येक घरात 'त्या गाण्यात वाजवलेला' एक मामा असतो. सगळ्या मामांची बेरीज केली तर हॉलमध्ये उभं राहायला जागा उरणार नाही. ज्याला स्वतःला गाण्याचं नाव माहीत नाही, त्याचं नाव निर्मात्याने कुठून आणायचं?

रात्रपाळी

निर्मात्याने पैसे वाटले ना? मग यादी होतीच त्याच्याकडे. नाव लिहून, सही घेऊन पैसे द्यायचे आणि तेच नाव पडद्यावर लिहायची वेळ आली की माणूस सापडत नाही म्हणायचं! आणि माझ्या मामांवर विनोद करायचं काम नाही. तुमच्याशी बोलणं संपलं.

जाईजुई

रात्रपाळी, रागावू नका. गल्लीबोळ, तुम्ही एक विसरताय. गायकांनाही नाव आपसूक मिळालेलं नाही. 'महल'च्या (१९४९) 'आयेगा आनेवाला'च्या मूळ रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. कामिनी म्हणजे चित्रपटातलं पात्र! फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता. त्या समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला, आणि पुढे १९५९ मध्ये पुरस्कार सुरू झाला. पहिला त्यांनाच मिळाला. तेव्हाही 'आजवर कुणाला दिलाय का' म्हणणारे असतीलच.

फरक एवढाच, की लताबाई अडून बसल्या की रेकॉर्डिंग अडायचं. ट्रम्पेटवाला अडून बसला तर मेसेंजर संध्याकाळपर्यंत दुसरा आणायचा.

गल्लीबोळ

धन्यवाद. दुसरा आणता येत होता, हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय. आता धागाकर्त्यांनी आपल्या 'ट्रम्पेटवाला बदलला तर गाणं बदलतं' या वाक्याचं काय करायचं ते बघावं.

तिसरी घंटा

काही करायचं नाही, ते आहे तिथेच राहील. दुसरा आणता येतो हा निर्मात्याचा हिशोब. मी ऐकणाऱ्याचं बोलतोय. माझ्या कानात आज जो टेक वाजतोय त्यात एकच माणूस आहे, आणि तो दुसरा नाही. नायकाच्या जागीही दुसरा आणता आला असता, म्हणून पोस्टर कोरं ठेवलं का?

आणि जागेचं रडगाणं तर नकोच. रहमानच्या कॅसेट-सीडीच्या कागदावर वादकांची नावं छापलेली असायची. बारीक टायपात, पण असायची. तळहाताएवढ्या कागदावर जे मावलं ते अॅपच्या पडद्यावर मावत नाही म्हणता?

कोर्टकचेरी

पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मनच्या, चित्रपटांत बासू, मनोहारी, मारुती ही नावं यायची. मनोहारी सिंग सॅक्सोफोनवाले, मारुतीराव कीर तालवाद्यांवर. पण नावं आली ती सहायक म्हणून. सॅक्सोफोन कुणाचा, हे त्यातून कळत नव्हतं. कागदोपत्री दावा सांगायचा तर हा फरक फार महागात पडतो.

गल्लीबोळ

बरं बाबा, हरलो म्हणा हवं तर. ज्याने सोलो वाजवला त्याचं नाव द्या. अॅपवर द्या, कागदावर द्या, कायद्यातलं ते शेपूटही कापा. पण तिसऱ्या रांगेतल्या सातव्या व्हायोलिनचं नाव मी वाचणार नाही, आणि इथे टाळ्या पिटणारं कुणीही वाचणार नाही. चहावाल्याबद्दलचं वाक्य मागे घेत नाही. बारा-चौदा तास चालणाऱ्या रेकॉर्डिंगला चहा लागतोच.

तिसरी घंटा

नाहीच वाचणार कुणी. टेलिफोनची डिरेक्टरी तरी कोण वाचत होतं? आपलं नाव आहे का तेवढं प्रत्येकजण बघायचा.

चितळकरप्रेमी

सगळं मिटलं असेल तर मांडवी यांनी 'चिको चिको'बद्दल जे लिहिलं त्यावर मला अजून बोलायचंय. एका गाण्यावरून...

तिसरी घंटा

इथे नको. वेगळा धागा काढा.

मांडवी

काढलाय. या.