पाजल्यावर बाळ कळवळून रडतं, रिफ्लक्स (पोटातलं दूध परत वर येणं) असेल का? तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत काय करू?

चिमणचारा:

मंडळी, मदत हवी आहे. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

लेक अडीच महिन्यांची आहे. दिवसा अंगावर पाजते, रात्री एखादी बाटली फॉर्म्युल्याची. पहिला महिना बरा गेला. आता मात्र पाजायला घेतलं की चार घोट पिते, मान झटकते, पाठीची कमान करून किंचाळते, पुन्हा तोंड लावते, पुन्हा तेच. दूध दरवेळी बाहेर येतंच असं नाही. पुष्कळदा घशाशी आलेलं परत गिळल्याचा आवाज येतो, तोंड आंबट खाल्ल्यासारखं होतं आणि मग उचक्या. तोंडाला आंबूस वास असतो. उभं धरलं की शांत, आडवं केलं की भोंगा सुरू.

आमच्या डॉक्टरांनी तपासलं. वजन वाढतंय, ताप नाही. 'रिफ्लक्स वाटतोय, पोटाच्या बालतज्ज्ञांना दाखवून घ्या' म्हणाले. त्यांची वेळ मात्र अजून बरीच लांब आहे. तोवर हिला आराम कसा द्यायचा? एका मैत्रिणीकडे तिच्या बाळाचं ॲसिड कमी करणारं औषध उरलंय, ते थोडं देऊन बघावं का? आणि गादीखाली उशी घालून डोक्याकडची बाजू उंच करायला घरातली मोठी माणसं सांगताहेत, ती करू का? झोप नसल्याने डोकं चालत नाहीये, त्यामुळे प्रश्न बाळबोध असतील तर माफ करा.

दुपारची_झोप:

अगं, आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय, तुझी पोस्ट वाचताना खांद्यावरचा तो ओला रुमाल आठवला. मला उपयोग झाला तो असा. भूक अनावर होऊन रडायला लागायच्या आधीच पाजायला घ्यायचं. रडताना हवा गिळली जाते, मग तीच हवा वर येताना दूध घेऊन येते. एका वेळी थोडं कमी, पण वेळा जास्त. मध्येच थांबून ढेकर काढायची, शेवटाची वाट बघायची नाही.

ढेकर काढताना तिचं पोट तुझ्या खांद्यावर दाबलं जात नाही ना, ते बघ. मी मुलाला मांडीवर बसवायचे, तळहात छातीवर, अंगठा आणि बोटं जबड्याखाली (गळ्यावर नाही), जरासं पुढे झुकवून पाठीवर खालून वर हात. खांद्यावर न येणारी ढेकर अशी यायची. पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

अजून एक, डायपर पाजायच्या आधी बदल. नंतर बदलायचाच झाला तर पाय उचलून पोटाकडे दाबण्याऐवजी बाळ कुशीवर वळवून बदल. डायपरची पट्टी पोटावर घट्ट नको.

अर्धविराम:

आमच्याकडे रात्रीची बाटली माझ्याकडे असायची, म्हणून बाटलीपुरतं लिहितो. निपलचं भोक मोठं असेल तर बाळाला घोट आवरत नाही. बाळ जवळजवळ बसतं धरा, बाटली साधारण आडवी ठेवा, निपल भरलेलं राहील इतकीच कलती, आणि मधूनमधून बाटली खाली करून श्वास घेऊ द्या. बाटली संपवण्याचा आग्रह नको. तिने तोंड फिरवलं की जेवण संपलं. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बाळाच्या आसपास पूर्ण बंद.

गादीखाली उशी आम्हीही घातली होती, मुलगा शांत झोपायचा. करून बघायला हरकत नसावी.

निळी_शाई:

अर्धविराम, बाटलीचं सगळं मान्य, उशीला मात्र ठाम नकार. मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उतारावर झोपवल्याने रिफ्लक्स कमी होतो असं दिसून आलेलं नाही. उलट बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. एवढ्या लहान बाळाला मान सावरता येत नाही. अमेरिकेत १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या, बाळांना झोपवायच्या वस्तूंवर २०२२ साली कायद्याने बंदी आली, ती बाळं दगावल्यामुळेच. झोप नेहमी उताणी, सपाट आणि टणक गादीवर, उशी-पांघरुणाच्या पसाऱ्याशिवाय. रिफ्लक्सवाल्या बाळालाही हेच लागू. कारसीटमध्ये बसवून झोपवणंही नको, त्यात पोट दुमडलं जाऊन दूध जास्त वर येतं.

'उताणं झोपवलं तर ओकारी घशात अडकेल' ही भीती सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या अंगाला असते, अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला चढावं लागतं. पालथं केलं की हेच चित्र उलटं होतं. पालथं ठेवायचं ते बाळ जागं असताना, आपण समोर बसून, आणि पाजल्यावर लगेच नाही.

मैत्रिणीचं औषध अजिबात देऊ नका. डोस वजनावर ठरतो, आणि उघडून ठेवलेल्या बाटलीचा भरवसा नाही. त्याहून महत्त्वाचं, ही औषधं दूध वर येणं थांबवत नाहीत, फक्त त्यातला आंबटपणा कमी करतात. लॅन्सोप्रॅझोल या ॲसिड कमी करणाऱ्या औषधाचा १६२ तान्ह्या बाळांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ही बाळं पाजल्यावर रडणारी, तुमच्या लेकीसारखीच. औषध मिळालेल्यांपैकी ५४ टक्के सुधारली आणि औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं मिळालेल्यांपैकीही ५४ टक्केच. खरी गरज असते तेव्हा तज्ज्ञ ती देतात, पण ते त्यांना ठरवू द्या. दूध घट्ट करायची पावडरही मनाने घालू नका, विशेषतः बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर.

चिमणचारा:

बापरे, उशी आत्ताच काढली. लेक पूर्ण दिवसांची आहे. निळी_शाई, हे रिफ्लक्सच आहे असं धरून चालू का? आणि वेळेची वाट न बघता पळायचं कधी?

निळी_शाई:

तसं धरून चालू नका. अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप या वयात सैल असते, त्यामुळे दूध वर येणं बहुतेक बाळांत थोडंफार असतंच. चौथ्या महिन्याच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं आणि वर्ष-सव्वा वर्षात बहुतेकांचं थांबतं. रडणंही सहाव्या आठवड्याच्या आगेमागे टोकाला जाऊन मग ओसरत जातं. दोन्ही एकाच काळात येतात, म्हणून सगळं रडणं ॲसिडच्या खात्यावर जमा होतं. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जीही हुबेहूब अशीच दिसते. शीमध्ये शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा रक्ताचे धागे, अंगावर खरखरीत लाल चट्टे असं काही असेल तर तज्ज्ञांना आवर्जून सांगा. मग ते काही आठवडे फॉर्म्युला बदलून किंवा तुमच्या आहारातून दूध काढून बघायला सांगू शकतात. आत्ताच स्वतःहून आहार तोडू नका.

पळायचं ते असं: ओकारी हिरवी असेल, तिच्यात रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही असेल. दरवेळी दूध पिचकारीसारखं लांब उडत असेल आणि लगेच पुन्हा भूक लागत असेल (जठराचं तोंड अरुंद झालं की असं होतं, त्याला शस्त्रक्रिया लागते). पोट फुगून कडक झालं, टाळू फुगली किंवा खोल गेली, बाळ मलूल पडलं, पिणंच सोडलं, ओले डायपर एकदम कमी झाले. श्वास थांबला किंवा ओठ निळे पडले तर क्षणभरही थांबू नका. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजे थेट रुग्णालय, मग रात्रीचे दोन का वाजेनात.

दुपारची_झोप:

आणि तुझं काय? जेवतेस का वेळेवर? रडणं सहन होईनासं झालं तर तिला पाळण्यात उताणी ठेव, दार ओढून घे आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन बस. पाळण्यात रडल्याने तिला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होते. घरात जो कुणी तिला सांभाळतो त्या प्रत्येकाला हे सांगून ठेव.

चिमणचारा:

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आज नवऱ्याला रात्रीची बाटली दिलीय, आडवी धरून. अर्ध्यावर थांबून ढेकर काढली तेव्हा कमान झाली नाही. योगायोगही असेल. तज्ज्ञांकडे जाताना काय काय न्यायचं?

अर्धविराम:

उशीबद्दलचं पटलं, निळी_शाई. चिमणचारा, दवाखान्यात बाळ हमखास गुणी वागतं, तेव्हा कमान होतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, पाजायला सुरुवात केल्यापासूनचा, आवाजासकट. सोबत तीन-चार दिवसांची नोंद: कधी पाजलं, बाटलीत किती मिली, कधी ओकली, ओकारीचा रंग, शी-शू, किती वेळ रडली. फार नीटनेटकी नको, फोनमध्ये एकेक ओळ पुरे. जन्मापासूनच्या वजनांचा कागद न विसरता. आम्हाला त्यांनी सगळ्यात आधी तोच मागितला होता. आणि वेळ रद्द झालेल्यांची जागा मिळते का, ते रोज सकाळी फोन करून विचारा.