पगार उशिरा होतो असं लिहिलं म्हणून नोकरी गेली. हे बरोबर आहे का?

उंबरठा
आमच्या टीममधल्या एकाला गेल्या आठवड्यात काढलं. त्याची पोस्ट दोन ओळींची: 'सलग तिसऱ्या महिन्यात पगार उशिरा. माझा हप्ता आता कंपनी भरणार का?' पोस्टमध्ये कंपनीचं नाव नव्हतं, पण प्रोफाइलवर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसचं कार्ड चालेना आणि संध्याकाळी पत्र आलं, 'कंपनीची प्रतिमा मलिन केली.' पत्र मी तीनदा वाचलं. पोस्ट खोटी आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. माझं मत सरळ आहे: लिहिलेलं खरं असेल तर त्यावरून काढता कामा नये.

जुनाखलाशी
असहमत. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलोय. अशी पोस्ट ग्राहक वाचतो, पुरवठादार वाचतो. कंपनी बुडतेय म्हणून पुरवठादार उधारी बंद करतो आणि मग पुढचा पगार आणखी लांबतो. खरं असणं आणि चव्हाट्यावर मांडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी आत विचारलं होतं का?
आणि कोणीतरी अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणणारच, म्हणून आधीच सांगतो: अमेरिकेची पहिली घटनादुरुस्तीसुद्धा सरकारचे हात बांधते, खासगी मालकाचे नाही.

उंबरठा
विचारलं होतं. दोन मेल. दोन्हींना एकच उत्तर, 'प्रक्रिया सुरू आहे.'

तळटीप
खलाशीबुवा, घटनादुरुस्तीचं बरोबर, पण तिथेच थांबू नका. अमेरिकेत 1935 चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा आहे, तो खासगी मालकालाही लागू होतो. कामाच्या अटींबद्दल कामगार मिळून काही बोलत असतील तर त्याला संरक्षण आहे, संघटना असो वा नसो. 2009 मध्ये कनेक्टिकटच्या एका रुग्णवाहिका कंपनीतल्या बाईंनी घरच्या संगणकावरून फेसबुकवर वरिष्ठाला नावं ठेवली, खाली सहकाऱ्यांनी री ओढली. त्यांना काढल्यावर 2010 मध्ये हा कायदा राबवणाऱ्या सरकारी कामगार मंडळानेच कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. 2011 मध्ये तडजोड झाली आणि कंपनीला आपले फार सैल शब्दांत लिहिलेले नियम बदलायला लागले.
दुसरं प्रकरण न्यूयॉर्कच्या एका केटरिंग कंपनीचं. संघटनेसाठी मतदान दोन दिवसांवर आलेलं, आणि एका वेटरने फेसबुकवर मॅनेजरला आईवरून शिवी घातली. शेवटी मात्र 'संघटनेला मत द्या' असं लिहिलं. 2017 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की त्याला काढणं बेकायदा होतं. मर्यादेच्या अगदी काठावरचं प्रकरण, हेही न्यायालयाने नोंदवलं.
एकट्याने स्वतःपुरती केलेली कुरकुर मात्र या छत्राखाली येत नाही.

काजवा
म्हणजे सभ्य भाषेत एकटा रडला की घरी, आणि शिवी दिली पण सगळ्यांच्या वतीने दिली की कामावर. लिहून ठेवतो. :)

जुनाखलाशी
हसण्यावारी नेऊ नका. इंग्लंडमध्ये अ‍ॅपलच्या दुकानातल्या एकाने कंपनीबद्दल आणि तिच्या वस्तूंबद्दल फेसबुकवर वाईटसाईट लिहिलं. खातं खासगी होतं, तरी 2011 मध्ये न्यायाधिकरणाने बडतर्फी योग्य ठरवली. सोशल मीडियाचे नियम कंपनीने आधीच स्पष्ट सांगून ठेवले होते. करारावर सही करताना वाचायचं असतं.

तळटीप
करार वाचून नाही म्हणण्याची सोय किती जणांना असते, ते टेबलाच्या अलीकडून बघा. तुर्कीच्या शिक्षण मंत्रालयाच्या कंत्राटी सफाई कामगार बाईंना तर इतरांच्या पोस्टना नुसतं लाइक केलं म्हणून काढलं होतं. 2021 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आता लाइकलाही करारातलं कलम लावणार का?

जुनाखलाशी
लाइकसाठी काढणं मूर्खपणा आहे. ते मी कधी म्हटलं?

सुईदोरा
अ‍ॅपलच्या प्रकरणातली एक गोष्ट राहिली. खातं खासगी होतं, तर पोस्ट साहेबापर्यंत गेली कशी? यादीतल्याच एका सहकाऱ्याने छापून नेऊन दिली. आमच्याकडे असंच झालं होतं. स्क्रीनशॉट आमच्यातूनच गेला. कोणी पाठवला ते कळलं नाही, पण मी सकाळी केलेलं लाइक संध्याकाळी काढलं होतं, ते मला माहीत आहे.
उंबरठा, पगार त्याचा एकट्याचाच थकला होता का? आणि पोस्टखाली तुमच्यापैकी किती जणांनी लिहिलं?

उंबरठा
चौदा जणांचा थकला होता. लिहिलं कोणीच नाही. मी रात्री फोन केला होता त्याला.

तळटीप
एकाने जरी खाली 'माझाही आला नाही' असं लिहिलं असतं, तर निदान त्या अमेरिकी कायद्याच्या हिशेबात ती एकट्याची कुरकुर राहिली नसती.

उंबरठा
आता लिहून उपयोग आहे का?

जुनाखलाशी
पोस्टचं राहू द्या. माझं मत तेच आहे, त्याने लिहायला नको होतं. पण आधी हे सांगा, राजीनामा लिहून दिलाय का त्याने? 'अनुभवाचं पत्र चांगलं देतो, तू आपणहून सोडलंस असं लिहून दे' असं दोनेक दिवसांत कोणीतरी गोड बोलून सांगेल. एकदा सही झाली की काढलं हेच सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. मी स्वतः अशा सह्या घेतल्या आहेत. आजच फोन करा त्याला. आणि ते दोन मेल ऑफिसच्या खात्यावर असतील तर ते खातं बंद झालेलं असणार. उत्तराची प्रत तुमच्यापैकी कोणाला गेली होती का, ते बघा.